संस्थेला ऊन दाखवायचे दिवस

बहावा फुलला की मला वाळ्याचा वास येतो. आता बहाव्याचा आणि वाळ्याचा तसा काही संबंध नाही, पण दिल्लीत दोघं बरोबरच येतात. रस्त्याच्या कडेची झाडं, ज्यांना इथे अमलतास म्हणतात, पिवळी होऊन लोंबायला लागतात, आणि त्याच सुमाराला हातगाडीवर कूलरच्या जाळ्या लादून माणसं गल्लोगल्ली आरोळ्या देत फिरतात. ‘‘घास बदलवा लो, कूलर की घास!’’ जुनं कुजकं गवत काढून नवा वाळा भरला, त्यावर पहिली बादली ओतली आणि पंखा सुरू केला की खोलीभर एक ओला, मातकट, थोडा देवघरासारखा वास पसरतो. त्या वासात माझी काही माणसं राहतात. वर्षभर ती कुठे असतात कोण जाणे. मे महिन्यात मात्र न बोलावता हजर होतात.

काल ती आरोळी परत ऐकली. नोएडाच्या आमच्या सोसायटीत कूलर कोणाकडेच नाही, सगळे एसी लावून, खिडक्या लावून बसलेले. तरी तो बिचारा फाटकाबाहेर उभा राहून ओरडत होता. मी बाल्कनीत गेले, वाळत घातलेल्या उशीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिले. आतून लेक म्हणाली, ‘‘आई, आत ये ना यार, लू लागेल.’’ तिला काय सांगणार? ती ज्या बाल्कनीकडे बघून बोलत होती तिथे मी नव्हतेच. मी गेल्या उन्हाळ्यात उभी होते.

गेल्या उन्हाळ्याचं सांगायचं तर आधी संस्थेचं सांगायला हवं. आमची संस्था म्हणजे दोन खोल्या, एक गच्ची आणि एक टेलिफोन. सरोजिनी नगरच्या बाजारामागे, एका मोठ्या इस्पितळापासून चालत जाता येईल अशा गल्लीत. महाराष्ट्रातून उपचारांसाठी येणाऱ्या पेशंटनी आणि त्यांच्या सोबतच्या माणसांनी दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात इथे पाठ टेकावी, गरम काही खावं, आणि रांगेत हिंदी बोलायला आपलं कोणीतरी बरोबर न्यावं, एवढाच तिचा पसारा. ती सुरू केली नलूताईंनी. शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, किडकिडीत, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. वर्गात मुलं बसलीत की नाही हे बघावं तशा त्या कुठल्याही खोलीत शिरत.

थंडीत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसे. उन्हाळ्यात मात्र गर्दी ओसरायची. एक तर इथलं ऊन, दुसरं म्हणजे सुट्टीमुळे गाड्यांना रिझर्वेशन नाही, आणि गावाकडे लग्नं नाहीतर पेरणीआधीची कामं. जो तो म्हणे, दिवाळीनंतर बघू. आजारही जणू ऐकून घेत. मग दिल्लीतल्या बाकीच्या संस्था जे करतात ते आम्ही का करू नये, म्हणजे खोलीला कुलूप घालून आपापल्या गावी का जाऊ नये, असं एकदा कोणीतरी विचारलं. नलूताई म्हणाल्या, ‘‘उन्हाळा म्हणजे सुट्टी, हे शाळेतल्या पोरांनी म्हणावं. बाईमाणसाला विचारा. पापड, कुरडया, मसाले, गाद्या. वर्षाचं सगळं उन्हाळ्यातच होतं. संस्थेलाही एकदा ऊन दाखवून घ्यायचं, म्हणजे पुढचं वर्ष कीड लागत नाही.’’

आणि खरोखरच दाखवायच्या. सकाळी लवकर सगळ्या गाद्या गच्चीवर. रजया, चादरी, उशा. डाळ-तांदळाचे डबे उपडे करून धान्य जुन्या साड्यांवर पसरायचं. खोल्यांना चुना. आणि सर्वांत शेवटी ट्रंक. हिरव्या रंगाची, कोपऱ्यात पोचा आलेली. तिला आम्ही ‘राहिलेलं’ म्हणत असू. वर्षभरात लोक जे विसरून जातात ते त्या ट्रंकेत. काठी, तांब्या, एकच चप्पल, सुयांसकट अर्धवट विणलेला स्वेटर, कोणाच्या तरी दाताची डबी. गच्चीवर ते सगळं ओळीने मांडलं की ऊन त्याच्यावर सारखंच पडायचं, काठीवर तसंच दाताच्या डबीवर. मला तिकडे फार वेळ बघवत नसे. वस्तू माणसांची वाट बघत बसलेल्या असाव्यात तशा दिसायच्या, आणि कोणाचं माणूस आता येणारच नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दुपार झाली की फोन. नलूताई कूलरसमोरच्या खुर्चीत बसत. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, शेजारच्या स्टुलावर पेपर उघडून. अण्णांचं काम एकच, कूलर कोरडा पडू द्यायचा नाही. दर थोड्या वेळाने उठून बादली ओतायचे आणि परत पेपरामागे जायचे. बाहेर लू, म्हणजे इथला भाजणारा वारा, खिडकीला धडका देत असायची, गल्लीत चिटपाखरू नसायचं, आणि त्या ओल्या अंधाऱ्या खोलीत नलूताई एकेका घराचा नंबर फिरवत. थंडीत जे जे येऊन गेले त्या सगळ्यांना.

मला तो फोन आला होता तेव्हा मी संस्थेची कोणी नव्हते. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझा थोरला भाऊ लातूरकडून उपचारांसाठी आला होता. इस्पितळातल्या दोन फेऱ्यांच्या मधे तो संस्थेच्या खोलीत पडून राही, कारण माझ्या क्वार्टरचे जिनेसुद्धा त्याला चढवत नसत. जानेवारीत तो गेला. मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला. ‘‘तुमच्या भावाची छत्री राहिलीये आमच्याकडे.’’

मी म्हटलं, ‘‘आमची नसेल. दादाकडे छत्री नव्हती. दिल्लीच्या थंडीत छत्री कोण आणतं?’’

पलीकडून आवाज आला, ‘‘अहो, येऊन तरी बघा एकदा.’’

मी रागानेच गेले. उन्हाने डोकं भणभणत होतं. जाऊन बघते तर एक बायकी, फुलाफुलांची छत्री, काडी मोडलेली. मी म्हटलं, ही दादाची कशी असेल? ‘‘नाही का? असू दे,’’ असं म्हणून नलूताईंनी माझ्या हातात पन्ह्याचा पेला दिला आणि बसायला सांगितलं. काही विचारलं नाही. कूलर घरघरत होता. अण्णांनी पेपराचं पान उलटलं. आणि मी, जिने पाच महिन्यांत घरी कोणापुढे डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, त्या मोडक्या परक्या छत्रीकडे बघत दादाचं सगळं सांगायला लागले. तो शेवटी शेवटी गावच्या विहिरीचं पाणी मागायचा, तेसुद्धा. निघताना नलूताई म्हणाल्या, ‘‘उद्या डाळ निवडायचीय. हात रिकामे असतील तर या.’’ माझे हात फारच रिकामे होते. मी गेले, आणि मग जातच राहिले.

त्या छत्रीचा उलगडा मला पुढच्या उन्हाळ्यात झाला. तोपर्यंत मी त्या खोलीत रुळले होते. नलूताई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, ‘‘तुमचा जेवणाचा डबा राहिलाय इथे, तीन पुडांचा.’’ मी ट्रंक स्वतःच्या हाताने रिकामी केलेली. डबा त्यात नव्हता.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ‘‘ताई, डबा कुठाय?’’

‘‘नाहीये.’’

‘‘मग?’’

‘‘अगं, ज्या घरातलं माणूस आजारी होतं त्या घरी फोन करून ‘कसे आहेत आता?’ असं विचारायचं नसतं. गेलं असेल तर त्यांनी काय उत्तर द्यायचं? काही विचारू नये. तुमचं काहीतरी आमच्याकडे आहे, एवढंच सांगावं. मग बोलायचं असेल तर ते बोलतात.’’

‘‘पण हे खोटं झालं.’’

‘‘खोटं कसं?’’ त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. ‘‘महिनामहिना माणूस या गादीवर पडलेलं असतं. त्याचं काहीच राहिलं नाही असं होईल का?’’

पेपरामागून अण्णा हसले. मग कळलं, हा दोघांचा मिळून उद्योग होता. ताई फोनवर हात ठेवून हळूच विचारायच्या, ‘‘यांना काय सांगू?’’ आणि पेपराआडून अण्णा म्हणायचे, ‘‘मफलर.’’ नाहीतर, ‘‘बॅटरी सांग, टॉर्चची.’’ माझ्या वेळी छत्री त्यांनीच सुचवली होती. मला आठवतं, मी त्या दिवशी अण्णांवर लटकंच रागावले, की मेच्या रणरणत्या उन्हात छत्री सुचते कशी एखाद्याला. ते म्हणाले, ‘‘उन्हातच लागते की. लातूरची ना तू?’’

सगळीच घरं काही अंधारलेली नसत, हेही सांगायला हवं. एकदा यवतमाळकडच्या एका घरी फोन लावला. पेशंट इथून गेले तेव्हा त्यांची आशा आम्ही सोडलेली होती. ताईंनी दबक्या आवाजात सांगितलं, ‘‘बाबांची काठी राहिलीये इथे.’’ पलीकडे मिनिटभर खोकल्याची उबळ, आणि मग खणखणीत आवाज, ‘‘बाबाच बोलून राहिलो. काठी ठेवा तुमच्याचकडे. लागत नाही आता.’’ त्या दिवशी अण्णांनी बाजारातून काकड्या आणल्या आणि मीठ-मसाला लावून सगळ्यांना वाटल्या. आम्ही त्या काठीचं काय करावं हे बराच वेळ ठरवत बसलो, कारण काठी खरंच नव्हती.

पण बहुतेक वेळा तसं नसे. बहुतेक वेळा पलीकडे आधी शांतता पसरायची. कूलरची घरघर तिथवर ऐकू जात असेल. मग कोणीतरी म्हणायचं, ‘‘हो का? असेल.’’ आणि मग सुरू. गेलेली माणसं अशी एकेक करून त्या तारेतून खोलीत यायची, वाळ्याच्या वासात बसायची. मी डाळ निवडत ऐकायचे. भुतंखेतं मानणारी मी नाही, आमच्या घरात कोणीच नाही. तरीपण मे महिन्यातल्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघंच असायचो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

नलूताई गेल्या त्याही थंडीतच. त्यांचं आजारपण त्याच इस्पितळात झालं, आणि दोन तपासण्यांच्या मधे त्या त्याच गादीवर येऊन पडत, जिला त्यांनी इतके उन्हाळे ऊन दाखवलं. त्या गेल्यावर अण्णा खोलीकडे फिरकले नाहीत. पूर्व दिल्लीतल्या त्यांच्या घरी आम्ही भेटायला गेलो तेव्हा चहा केला, समोर ठेवला आणि गप्प बसले. पुन्हा जायचं धाडस होईना.

पुढचे दोन उन्हाळे आम्ही गाद्या वाळवल्या, चुना लावला, आणि फोन कोणीच केले नाहीत. त्या खुर्चीत बसून, तो चष्मा नसताना, ‘तुमचं काहीतरी राहिलंय’ असं म्हणायचं कोणी? मी बसायला गेले होते एकदा. रिसीव्हर उचलला, कानाला लावला. मागून पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर कॅलेंडर वाऱ्याने फडफडत होतं. मी रिसीव्हर ठेवून दिला.

आणि संस्था वाळत गेली. ऊन दाखवल्यावर वस्तू वाळते तशी नव्हे, पाणी न घातलेलं रोप वाळतं तशी. जुनी माणसं वयाने थकली, एक जण मुलाकडे पुण्याला गेले, एकीचा गुडघा दुखायला लागला. नवं कोणी येईना. गेल्या वर्षी एप्रिलच्या सभेत आमचे सेक्रेटरी म्हणाले, ‘‘उन्हाळा हातात आहे. गर्दी नाही. काय डागडुजी करायची ती करा. जुलैच्या सभेपर्यंत सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळा रोज बसायला माणसं उभी राहिली तर चालवू. नाहीतर सन्मानाने बंद करू.’’ सन्मानाने! माणसं इस्पितळाच्या फुटपाथवर चादर टाकणार आणि आम्ही सन्मानाने शाली घेणार. मी तिथल्या तिथे म्हटलं, ‘‘उन्हाळा माझ्याकडे द्या.’’ म्हणून तर बसले, पण घरी येताना मेट्रोत माणसं बोटांवर मोजली, तर ती एका हातातच संपली.

मदतीला अनिकेत होता. नोएडात एका आयटी कंपनीत, दिल्लीतच वाढलेला, तिशीचा मुलगा. त्याचे वडील पाचेक वर्षांपूर्वी आमच्याकडे असायचे. तो त्यांच्या उशाशी लॅपटॉप घेऊन काम करायचा. नलूताईंच्या शेवटच्या उन्हाळ्यात तो आमच्यात आला. ‘‘काकू, हे बिल्कुल होण्यासारखं आहे,’’ तो म्हणाला. त्याने पोस्टर केली, छान रंगीत. इन्स्टाग्रामवर टाकली. करोलबागेतल्या अभ्यास करणाऱ्या मराठी पोरांच्या ग्रुपवर टाकली. मुलं आली, गोड होती, फोटो काढले, आणि परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर गेली. त्यांची तरी काय चूक? आजारी माणसांच्या खोलीत बसायला एक कारण लागतं. ते पोस्टरवर छापता येत नाही.

मे संपत आला. गाद्या घालायचा दिवस होता. अनिकेतला म्हटलं, आज सगळ्याला ऊन दाखवायचंय. तो म्हणाला, ‘‘म्हणजे धूप दिखाना? अच्छा, माझी आजी करायची.’’ आम्ही ट्रंकसुद्धा वर नेली. दुपारनंतर आकाश एकाएकी मळकट पिवळं झालं, चिमण्या गप्प झाल्या, आणि काय होतंय ते कळायच्या आत आंधी आली. दिल्लीची आंधी जिने बघितली नाही तिला सांगून कळायची नाही. अख्खं राजस्थान उचलून कोणीतरी तोंडावर फेकतं. चादरी कठड्यावरून गेल्या, कापूस उडाला, स्वेटरच्या सुया खणखणत गच्चीभर नाचल्या. डोळे मिटून मी हाताला येईल ते धरत होते. एका शालीचं टोक हाती लागलं. ते मी इतकं घट्ट धरलं, आणि ती शाल अशी ओढत होती, की पलीकडच्या टोकाला कोणीतरी आहे याबद्दल मला त्या क्षणी शंका नव्हती. मी ओरडत होते, ‘‘थांबा, थांबा!’’ कोणाला ते माहीत नाही.

वाचलं ते घेऊन आम्ही जिन्यात येऊन बसलो. दोघांच्या भुवया धुळीने पांढऱ्या. अनिकेतने मांडीवरच्या वस्तू एकेक करून बघितल्या आणि हसून म्हणाला, ‘‘सगळं मिळालं. माझा चार्जर मात्र शेवटपर्यंत नाही मिळाला, यार.’’

‘‘कसला चार्जर?’’

‘‘लॅपटॉपचा. पपा गेल्यावर मे महिन्यात ताईंचा फोन आला ना, तुमचा चार्जर राहिलाय म्हणून. त्यासाठीच तर आलो होतो. खूप शोधला. मग ताई म्हणाल्या, सापडेपर्यंत एवढा कम्प्युटर बघून दे.’’

‘‘आणि घरी नव्हता का तुझा चार्जर?’’

‘‘होता ना. मला वाटलं, दोन असतील.’’

मी हसायला लागले आणि थांबेचना. तो घाबरला, म्हणाला, ‘‘काकू, पाणी देऊ?’’ मला हसता हसता एकेक चेहरा दिसत होता. गुडघा दुखणाऱ्या त्या बाई तांब्यासाठी आल्या होत्या. पुण्याला गेले ते गृहस्थ मफलरसाठी. मी छत्रीसाठी. आमच्यातलं एकही माणूस समाजसेवा करायला आलेलं नव्हतं. आम्ही सगळे न राहिलेल्या वस्तू शोधायला आलो होतो आणि शोधता शोधता राहिलो. ताई गाद्यांना ऊन दाखवत होत्या ते खरंच, पण संस्था दर वर्षी नवी होत होती ती त्या फोनमुळे. इतकी साधी गोष्ट, दोन उन्हाळे आम्हाला कळली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले. कूलरवाल्याकडून नवा वाळा भरून घेतला होता. पाणी स्वतःच घातलं. आदल्या थंडीत येऊन गेलेल्यांचे नंबर अनिकेतने समोर ठेवले. पहिला लावला तो कँटोन्मेंटमधला. सुनीता, फौजीची बायको, साताऱ्याकडची. तिचे सासरे आमच्याकडे असत. काय सांगू? मागे कोणीच नव्हतं सुचवायला. मी म्हटलं, ‘‘तुमच्या मामंजींची माकडटोपी राहिलीये इथे.’’

ती अगदी हळू म्हणाली, ‘‘टोपी? टोपी तर आम्ही त्यांच्यासंगंच दिली ओ ताई. थंडी लई होती त्या दिवशी.’’

ठेवून द्यावा फोन असं वाटलं. कोणाच्या जखमेवर आपण हे बोट ठेवतोय, कोणी दिला आपल्याला हा हक्क? पण वाळ्याचा वास येत होता, आणि मला माझंच ते रागाचं तोंड आठवलं. मी तशीच धरून बसले.

‘‘दुसरी असंल,’’ सुनीता म्हणाली. ‘‘दोन होत्या का काय त्यांच्याकडं. मी येऊन बघू का? हे ड्यूटीवर असत्यात, पोरं शाळेच्या सुट्टीत गावी. घर खायला उठतंय.’’

ती आली. टोपी नव्हतीच. कपाळाला हात लावून बसली, मग बोलली, खूप बोलली, आणि जाताना विचारून गेली की भाकरी थापायला कोणी असतं का सकाळचं. त्यानंतर मी रोज बसायला लागले. काही फोन लागले नाहीत. काही घरं रागावली. एका बाईने ‘‘फेकून द्या,’’ म्हणून ठेवून दिला आणि चार दिवसांनी स्वतःच फोन करून विचारलं, ‘‘फेकलं तर नाही ना?’’ जून संपता संपता सकाळ भरली. संध्याकाळही भरली, गुडगावहून एक निवृत्त गृहस्थ यायला लागले. राहिली दुपार. दुपारी यायला कोणी तयार होईना, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी कोणाला बसवायला माझीही जीभ रेटत नव्हती. ती त्या दोघांची वेळ होती.

येताजाता मी जुन्या क्वार्टरवरून जायचे. म्हणजे जिथे क्वार्टर होतं तिथून. सगळं पाडून आता उंच इमारती चढवल्यात. आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं, ती जागा आता नुसती हवा आहे. त्या हवेत दादासाठी घालून ठेवलेली खाट होती, माझा ओटा होता, तो फोन वाजला ती भिंत होती. जांभळाचं झाड तेवढं कसं कोण जाणे वाचलंय. त्याखालचा रस्ता जांभळांनी काळा-निळा झालेला असतो आणि लोक ती तुडवत गाड्या गाठतात. मी त्या दिवशी तिथे थांबले, वर हवेकडे बघितलं, आणि मनात आलं, ज्या घराला सर्वांत आधी फोन जायला हवा होता तिथे तो कधी गेलाच नाही.

खोलीत आले. दुपार टळटळीत होती. सभा चार दिवसांवर. खुर्चीत बसले आणि तो नंबर फिरवला, जो कुठे बघायची गरज नव्हती. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं.

‘‘अण्णा, वसुधा बोलतेय. ताईंचा चष्मा राहिलाय आमच्याकडे.’’

त्यांचा आवाज आला, वाळलेला, ‘‘चष्मा इथे माझ्यासमोर आहे. रोज पुसतो मी.’’

तोंडातून आपोआप निघालं ते माझं नव्हतं. ‘‘अहो, येऊन तरी बघा एकदा.’’

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो कापत होता की हसत होता, कळेना.

‘‘दोन उन्हाळे वाट पाहिली गं या फोनची,’’ अण्णा म्हणाले. ‘‘फोनपाशी खुर्ची आणून बसायचो दुपारी. म्हटलं, आमच्याही घरचं माणूस गेलंय. आमचं तिथे काहीच कसं राहिलं नाही?’’

मी रडत होते आणि ते मला रडू देत होते. त्यांना सवय होती.

‘‘उन्हं उतरली की येतो,’’ थोड्या वेळाने ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, ‘‘नाही, आत्ताच निघतो. दुपारी तिथे कोणी नसतं ना? तोवर कूलर कोरडा ठेवू नकोस.’’

मी फोन ठेवला आणि बादली घेऊन नळाकडे गेले.